फुटक्या फरशीतला बैल

साखराबाई सरवदे आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदा आल्या त्या बहात्तर सालच्या दुष्काळात, फरशी फोडायला.

तसा ठराव मंडळीच्या पंचांनीच केला होता. मी मिशनच्या दवाखान्यात कंपौंडर होतो आणि मंडळीचा सेक्रेटरीही, त्यामुळं तो ठराव माझ्याच अक्षरात आहे. उदगीरच्या अलीकडं आमचा मिशनचा माळ. माळावर दवाखाना, चर्च आणि तीन विहिरी. त्या वर्षी तिन्ही विहिरींत उतरलेला माणूस कोरड्या पायांनी वर येत होता. अशात बिदरकडून गुरुपादप्पा नावाचा पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो दोन दिवस सगळा माळ फिरला. नारळ कुठंच हलला नाही. तिसऱ्या दिवशी ऊन सोसेना म्हणून तो चर्चमध्ये सावलीला शिरला आणि वेदीच्या पायरीपुढं त्याच्या हातावरचा नारळ उभा राहिला. हे मी स्वतः पाहिलं.

"इल्ली नीर अद," गुरुपादप्पा म्हणाला, आणि आम्हाला कळावं म्हणून मराठीतही म्हणाला, "हितं पानी हाय. चाळीस फुटांवर."

तेव्हाचे पाळक दोन दिवस काही बोलले नाहीत. रविवारी त्यांनी मोशेनं खडकावर काठी मारून पाणी काढल्याचा उतारा वाचला, तेव्हा आम्ही समजलो की परवानगी मिळाली.

वेदीपुढची ती जागा म्हणजे आमच्या चर्चमधली एकुलती एक शोभेची जागा. चर्च बांधलं तेवीस साली, दवाखाना काढणाऱ्या गोऱ्या डॉक्टरसाहेबांनी. त्यांनी हैदराबादहून रंगीत फरश्या मागवल्या. त्या बैलगाडीनं आल्या आणि निम्म्याहून जास्त वाटेत फुटल्या. डॉक्टरसाहेबांनी धड फरश्या कडेनं लावल्या, फुटलेल्यांचे आणखी बारीक तुकडे केले आणि मधे एक मोठं चित्र बसवलं. ते कशाचं होतं हा प्रश्न पुढं फार गाजला. पण तेव्हा कुणालाच पडला नाही, कारण त्यावर पन्नास वर्षं सतरंजी होती. लग्नाच्या दिवशी सतरंजी काढत, तर वर माणसं उभी राहत.

दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या चार बायका आणि पाच गडी आणले. बायकांत जळकोटकडच्या साखराबाई होत्या, वय तिशीच्या आतबाहेर. त्यांचं नाव तेव्हा मला माहीत नव्हतं. आम्ही सगळे पाणी निघतंय का ते पाहत होतो, काम कोण करतंय ते नाही. सोळा फुटांवर काळा दगड लागला आणि पहार उडायला लागली. गुरुपादप्पाला निरोप धाडला. त्यानं उलट निरोप दिला की पाणी होतं, आता सरकलं.

खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर सतरंजी. पुढं दहा वर्षं लग्नं लागताना नवरानवरी खड्ड्याच्या अलीकडं आणि पाळक पलीकडं असत. लग्नं लागत होती, त्यामुळं कुणाची तक्रार नव्हती. फरशीचे तुकडे मात्र मागच्या खोलीत अकरा पोत्यांत भरलेले होते. ते कुणी भरले आणि कशासाठी, हे आम्ही कधी विचारलं नाही.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला. पुढच्या वर्षी चर्चला साठ वर्षं होत होती आणि बिशपसाहेब येणार होते. बिशपसाहेबांना खड्ड्यापलीकडं उभं करणं बरं दिसलं नसतं. आमचे पाळक बदलून नवे, तरुण आले होते. ते फरशी बसवणारा मिस्त्री शोधायला लातूरला गेले. नवा जिल्हा झाला होता, म्हणजे कचेऱ्या हव्यात आणि कचेऱ्यांना फरशी हवी. गावात मिस्त्री पुष्कळ होते, पण मोकळा एकही नव्हता.

"कलेक्टर कचेरी झाली की येतो साहेब," एकानं सांगितलं.

"ती कधी होईल?"

"त्येच्या मागं झेडपी हाय."

तीन आठवड्यांनी मोझॅक फरशीच्या एका कारखान्याचा मालक म्हणाला, "एक बाई हाय. बसवते चांगलं. पण बाई म्हून गुत्तेदार तिला बसवायला लावत न्हाई, नुसते कोपरे घोटायला लावतो. चालत असंल तर न्या."

साखराबाईंचं असं झालं होतं की दुष्काळ संपला तरी त्यांच्या हाताची सवय सुटली नाही. दीड इंची खडी फोडायची म्हटल्यावर त्या दीड इंचीच फोडत. मुकादम लोखंडी कडी घेऊन माप घ्यायला यायचा, तो त्यांच्या ढिगाऱ्याशी थांबायचाच नाही. त्या मुकादमाच्या ओळखीनं त्या आणि त्यांचे यजमान केरबा लातूरच्या फरशी कारखान्यात लागले. केरबा दाबाच्या यंत्रावर, साखराबाई रंगीत खडा निवडायला. निवडता निवडता त्या साच्यात भरायला शिकल्या, मग घोटायला, मग बसवायला. शिकवलं कुणी नाही. अडवलं मात्र बऱ्याच जणांनी.

त्या आल्या तेव्हा सात पंचांपैकी आम्ही चौघं चर्चमध्ये जमलो होतो. पाळकसाहेब, मी, जुन्या नर्स नीलाबाई आणि अध्यक्ष शांतवन मास्तर. शांतवन मास्तर निवृत्त हेडमास्तर होते आणि ते निवृत्त झालेत हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. फळ्या काढल्या. साखराबाई खड्ड्याच्या काठावर बसल्या आणि आत बघून म्हणाल्या, "ही फरशी मीच फोडली."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"बहात्तर सालची गोष्ट हाय," साखराबाई म्हणाल्या. "पयला घाव घातला, वरची धूळ उडाली तर खाली खूर निघालं. दोन नखांचं. मी मुकादमाला म्हणले, हितं जनावर हाय वो. त्यो म्हणला, फोड. मंग फोडली."

"आणि तुकडे पोत्यात कुणी भरले?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मीच. फोड म्हणले व्हते. फेक कुणी म्हणलं न्हवतं."

नीलाबाईंनी त्यांना चहा आणून दिला आणि विचारलं, "बाई, तुम्ही आमच्यातल्या का?"

"न्हाई. आमी बौद्ध. छप्पन साली सासऱ्यानं दीक्षा घेतली."

"मग चर्चचं काम चालतं का तुम्हाला?"

"फरशी हाय ना? चालतं की."

आता चित्र काय होतं, हे ठरवायला हवं होतं. शांतवन मास्तर म्हणाले, कोकरू. त्यांच्या आईनं त्यांना लहानपणी तसं सांगितलं होतं. नीलाबाई म्हणाल्या, सिंह, आणि आपण लग्नात त्याच्यावर उभ्या होतो. पुरावा म्हणून त्यांनी एकसष्ट सालचा लग्नाचा फोटो आणला. फोटोत नीलाबाई होत्या, त्यांचे यजमान होते, आणि नीलाबाईंच्या साडीचा घेर एवढा मोठा होता की खाली एक शेपूट तेवढं दिसत होतं. शेपटीनं कुणाचंच म्हणणं खोटं पडलं नाही.

साखराबाईंनी वादात तोंड घातलं नाही. त्यांनी दवाखान्यातल्या जुन्या चादरी मागून घेतल्या, व्हरांड्यात अंथरल्या आणि अकरा पोती धुवायला काढली. एकेक तुकडा पाण्यातून काढायचा, बोटानं पुसायचा, उन्हात ठेवायचा. महिनाभर हेच चाललं. आम्हाला वाटलं आता रंग जुळवून चित्र लागेल. पण त्यांनी सगळे तुकडे पालथे ठेवले.

"उलटे कशाला?" मी विचारलं.

"रंग फसवतो कंपौंडर. हिरवा तुकडा हिरव्यापाशी कुटं बी बसल. पर फरशीच्या पाठीवर चर असत्यात बगा, साच्याचे. हे चर एकदाच जुळत्यात. फुटकी भाकर जुळवावी तसं."

म्हणजे डॉक्टरसाहेबांनी फरशीचे तुकडे करून जे शेजारी शेजारी बसवले, ते पुष्कळ ठिकाणी एकाच फरशीचे होते. हे साठ वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं, कारण पाठ कुणी पाहिलीच नव्हती. त्यांनी एक जुनं दार आडवं टाकलं आणि त्यावर पालथे तुकडे जुळवत गेल्या. सहा आठवडे आम्हाला मातकट पाठीशिवाय काही दिसलं नाही. येणारे पेशंट औषध घेऊन व्हरांड्यात थांबत, पाहत आणि जात. मास्तर रोज येत. एक दिवस त्यांनी विचारलं, "कोकरूच आहे ना?"

"सुलटं केल्यावर दिसंल, मास्तर."

सुलटं करायच्या दिवशी निम्मी मंडळी जमली. वरून दुसरं दार ठेवलं, दोन्ही दारं दोरीनं आवळली, आणि केरबा धरून सहा माणसांनी ते ओझं एका दमात पालथं घातलं. वरचं दार साखराबाईंनी स्वतः काढलं.

चार खुरं होती. पाय जाड होते. मान खाली, मानेवर वशिंड, डोक्याला दोन शिंगं. आणि पाठीतून दोन पंख निघाले होते, निळे, थेट कडेपर्यंत. मधे मधे भोकं होती, पोटाचा बराचसा भाग नव्हताच, पण बैल होता. शेपूट नीलाबाईंच्या फोटोतलंच होतं.

मग मागून कुणीतरी विचारलं, "बैलाला पंख?"

पाळकसाहेब आत जाऊन एक जाड पुस्तक घेऊन आले. त्यांनी सांगितलं की शुभवर्तमान लिहिणारे चौघे, आणि चौघांच्या चार खुणा जुन्या काळापासून काढतात. लूकाची खूण पंखांचा बैल. लूक हा वैद्य होता. डॉक्टरसाहेबांनी दवाखान्याच्या चर्चमध्ये वैद्याची खूण घातली, यात नवल नाही.

"लूक आम्हालाही माहीत आहे," शांतवन मास्तर म्हणाले. "पण गावात काय सांगायचं? बिशपसाहेब येणार, चार गावचे लोक येणार, आणि आम्ही चर्चमध्ये बैल बसवलेला. पोळा भरवलाय म्हणतील."

पंचांची बैठक झाली. कोकरू करावं असा ठराव चार विरुद्ध तीन मतांनी पास झाला. माझं मत कोकराला होतं. मी तेव्हा पोळ्याचाच विचार केला.

ठराव सांगायला मलाच पाठवलं. साखराबाई तुकड्यांच्या फटीतली माती काडीनं काढत बसल्या होत्या.

"ह्येचं कोकरू करा म्हणता?"

"पंचांनी ठरवलंय."

"आन् शिंगं उरतील, ती कुटं घालू?"

त्यांनी काडी खाली ठेवली. "मागं तुमी सांगितलं म्हून फोडली. तवा पोटाला नव्हतं. आता तुमी सांगताव म्हून खोटी बसवू का? न्हाई जमायचं. दुसरं कुणी बगा."

त्यांनी थापी, पकड, छन्नी फडक्यात गुंडाळली आणि दुपारच्या एसटीनं गेल्या. आवाज चढवला नाही, दारही आपटलं नाही. दार तर त्या चित्राखालीच होतं.

दुसरं कुणी नव्हतं. म्हणून मास्तर म्हणाले, आपणच करू, त्यात काय एवढं. तीन दुपारी मी आणि ते व्हरांड्यात गुडघ्यांवर बसलो. पंख मोडले, शिंगं काढली, पाय बारीक केले. पांढऱ्या तुकड्यांची लोकर करायची तर पांढरे तुकडे पुरेनात. मान कितीही आखूड केली तरी लांबच राहायची. तिसऱ्या दुपारी नीलाबाई येऊन कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे कुत्रं आहे," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी डोकं वर केलं नाही. बाजूला निळ्या तुकड्यांचा ढीग पडला होता आणि त्यावर दोन शिंगं. मास्तरांनी एक शिंग उचललं, त्याचे पाच तुकडे तळहातावर ओळीनं लावले आणि ते बघत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "कंपौंडर, आईनं सांगितलं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. कदाचित मला गप्प करायला सांगितलं असेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लातूरला गेलो. नव्या कचेरीचं काम जोरात चाललं होतं. करड्या फरशीचं लांबच लांब दालन, मधे घोटाईचं यंत्र घरघरत होतं. यंत्र भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, तिथं हातानं दगड घासावा लागतो. एका कोपऱ्यात साखराबाई पाण्यात बसून दगड घासत होत्या. पांढरा राडा कोपरापर्यंत आलेला.

मास्तर त्या राड्यात चपलेसकट उभे राहिले. "बाई, बैल बसवायचाय."

साखराबाईंनी हात थांबवला. "ठराव झाला का?"

"आज संध्याकाळी होईल."

"मी जुळवलेला तसाच हाय ना?"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं.

"मोडलाव?"

"मोडला," मास्तर म्हणाले. "मी मोडला. ह्याचा हात फक्त मदतीला होता."

मला वाटलं आता त्या पाणी अंगावर फेकतील. त्यांनी पदरानं हात पुसले आणि विचारलं, "तुकडे हायत का सगळे?"

"एकही हरवला नाही. मोजून ठेवलेत."

"मंग बरं. आता मला त्यो पाठ हाय."

निघताना त्या कचेरीच्या मागं गेल्या. तिथं फुटक्या करड्या फरश्यांचा ढीग पडला होता. गुत्तेदाराच्या माणसाला विचारून त्यांनी अर्धं पोतं भरलं आणि मास्तरांच्या खांद्यावर दिलं. मास्तरांनी ते मुकाट्यानं स्टँडपर्यंत नेलं. एसटीत कंडक्टरनं विचारलं, काय आहे? मास्तर म्हणाले, बैलाचं पोट. कंडक्टरनं तिकिटं फाडली.

या खेपेला सहा आठवड्यांचं काम बारा दिवसांत झालं. केरबानं खड्डा मुरूम टाकून थर थर ठोकला, त्यावर काँक्रीट घातलं. साखराबाईंनी दोरी ताणून, पाण्याच्या नळीनं पातळी घेऊन, एकेक तुकडा पांढऱ्या सिमेंटात बसवला. पोटाच्या भोकात करड्या फरशीचे तुकडे गेले. ते मुद्दाम वेगळे दिसतील असे ठेवले. मी विचारलं, रंग देऊन जुळवता आले नसते का?

"आले असते. पर जुनं कोणतं आन् मी घातलेलं कोणतं, कळाया नगं?"

म्हणजे आमच्या चर्चमधल्या लूकाच्या बैलाचं पोट कलेक्टर कचेरीचं आहे. सरकारच्या नोंदीत हे कुठं नाही.

नंतर आठ दिवस त्या आणि नीलाबाई समोरासमोर बसून हातदगडानं घोटत होत्या. नीलाबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर दुपारी काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, आता कळलं. दोघी बोलायच्या कमी. एकदा मी जवळून गेलो तेव्हा नीलाबाई म्हणत होत्या, "मला अजून सिंहच वाटतो," आणि साखराबाई म्हणाल्या, "वाटू द्या की."

साठाव्या वर्षाच्या उपासनेला साखराबाई आणि केरबा आले आणि दाराशी उभे राहिले. पाळकसाहेबांनी त्यांचं नाव घेतलं, पुढं बोलावलं, दोन शब्द बोला म्हणाले. साखराबाई पुढं आल्या. फरशीच्या कडेला थांबून त्यांनी बिशपसाहेबांच्या बुटांकडं पाहिलं.

"कडेचा शिमिटाचा माल काल भरलाय," त्या म्हणाल्या. "आठ दिस वर कुणी चालू नका. सकाळ-संध्याकाळ पाणी मारा."

एवढंच बोलून त्या मागं फिरल्या. बिशपसाहेब बाजूला सरकले आणि सगळी उपासना त्यांनी भिंतीला खेटून चालवली. शांतवन मास्तर पहिल्या बाकावर बसले होते. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात, पण त्यांनी ते बैलावरून काढले नाहीत. पोळ्याचं कुणी काही बोललं नाही. जळकोटकडचे दोन शेतकरी मात्र आत येऊन बघून गेले आणि बैल देवणी जातीचा आहे यावर दोघांचं एकमत झालं.

त्यानंतर साखराबाईंना कोपरे घोटायला कुणी लावलं नाही. नव्या जिल्ह्यात नवी घरं होत होती. वकिलांना दारात मोर हवे होते, डॉक्टरांना कमळं. त्या करून देत. चार-पाच बायका हाताखाली तयार झाल्या, त्यातली एक गुरम्मा पुढं त्यांच्याहूनही बारीक काम करायला लागली, असं त्याच सांगायच्या.

काही वर्षांनी त्यांच्या गावच्या लोकांनी त्यांना घेरलं. ख्रिश्चनांच्या फरशीत बैल बसवला, आता आपल्या विहारात बुद्धाची मूर्ती बसवा, मधोमध. त्या नाही म्हणाल्या. लोक रागावले.

"फरशीवर पाय पडत्यात," त्या म्हणाल्या. "बाबासाहेबांनी आपल्याला ताठ चालाया शिकवलं, आन् मी तुमाला अंग चोरून चालाया लावू? चित्र नगं. साधी फरशी करते. भिंतीच्या कडंनं पिंपळाची पानं."

विहाराची ती फरशी पाहायला मी गेलो तेव्हा त्या साठीच्या पुढं गेल्या होत्या. केरबा दोन वर्षांपूर्वी वारले होते. पाय पसरून, भिंतीला टेकून त्या विहाराच्या दारात बसल्या होत्या. आत करडी, गुळगुळीत फरशी आणि चारी भिंतींच्या कडेनं हिरव्या पानांची ओळ, एकाही पानाचं टोक दुसऱ्याच्या टोकासारखं नाही. मी चपला काढल्या.

"कंपौंडर, समद्या पानांत एक मला जमलं न्हाई," त्या म्हणाल्या. "बगा बरं, सापडतंय का."

मी चारही भिंतींच्या कडेनं वाकून वाकून हिंडलो. मला ते पान सापडलं नाही, तसं मी सांगितलं. त्या खूष झाल्याचं दिसलं नाही. म्हणाल्या, "मंग चहा घ्या."